पेटीतली लुगडी देऊ नकोस

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, पेटीतली लुगडी बोहारणीला देऊन टाकते म्हणालीस. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही तिला वाचून दाखवा. टपाल वाटताना वाचता न येणाऱ्या आज्ज्यांच्या ओट्यावर बसून वाचायचात ना, तसं सावकाश.

लुगडी देऊ नकोस, आई. एकही नको. सगळ्या पेटीवर बोहारीण फार तर एक पातेलं देईल. पातेली घरात आहेत. तसलं कापड आता पैसे मोजूनही मिळत नाही. दुकानातलं नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, त्यातही प्रत्येक ठाण वेगळं आटतं, की गोधडीभर चुण्या. तुझी लुगडी वर्षानुवर्षं धुऊन आटायची तेवढी आटली आहेत, रंग सुटायचा तेवढा सुटून गेलाय आणि सूत असं मऊ पडलंय की चार थरांतूनही सुई अडत नाही. हिरवं इरकली, जांभळं चौकड्याचं, ते अंजिरी, ज्याचा पदर विरलाय पण पोट अजून घट्ट आहे, सगळी ठेव.

तू म्हणतेस, दोरा ओवता येत नाही, मग ठेवून काय करू? काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून राखायची, हे डॉक्टरांनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं. त्याचं मला फार वाईट वाटतं. पण दोरा मी ओवीन, टाकेही मीच घालीन. गोधडीतलं जे मला येत नाही ते तुझ्या डोळ्यांत कधी नव्हतंच. तू कापड चिमटीत धरून अंगठ्याने चोळतेस आणि सांगतेस, यात टेरिकॉट आहे. मला अजून धागा उसवून काडी लावून बघावं लागतं: राख झाली तर सुती, टोकाला कडक गाठ आली तर भेसळ. जीर्ण कापड आत, दमाचं वर, कुठला तुकडा ताण सोसेल, कुठला कडेला फाटेल, हे तुला हाताला कळतं. ते तू मला शिकवायचं अजून राहिलंय.

मी इथे पाडव्याच्या बेताने गोधडी मांडायला घेतलीय. नऊवारीचे चार तुकडे तू पाडायचीस तसेच पाडले. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, म्हणजे दोन-दोन मीटरचे चार, दोन खाली अस्तराला, दोन वर. मधे जुन्या चादरी. वरून ठिगळं. कडेपासून आत आत येत टाका घालतेय, तांदळाच्या दाण्याएवढा, तुझ्यासारखा. बाबा, तुमच्या खाकीचे दोन शर्ट माझ्याकडे आहेत. ती खाकी जाड आहे, सुई ढकलताना बोट दुखतं. पण गोधडी सगळ्यात आधी झिजते ती पांघरून ओढताना, गळ्याशी, म्हणून त्या कडेला सबंध पट्टी खाकीचीच घालणार आहे. खिशाची शिवण उसवली तेव्हा आतला रंग अगदी नवा निघाला. ऊन लागलं नव्हतं ना तिथे. तो चौकोन मी वेगळा काढून ठेवलाय. त्याची जागा तुम्ही सांगायची.

तुम्हाला तिकिटांचा नाद, म्हणून हेही सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, ज्यांच्या पूर्वजांना मळ्यांवर गुलाम म्हणून राबवलं गेलं, शेतात घालून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या, थंडीसाठी. 2002 साली त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यू यॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांतल्या दहांची तिकिटं काढली. पॅंटच्या गुडघ्याला जिथे ठिगळ होतं तिथला गडद निळा डागही काहींत तसाच दिसतो.

आणि आई, आपल्या खालच्या अंगाला, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी बायका, मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या वंशातल्या, कवंदी शिवतात, म्हणजे त्यांची गोधडीच. त्याही कडेपासून सुरू करतात आणि टाके घालत मध्याकडे येतात. शेवटी चारही कोपऱ्यांत घडी घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलाशिवाय कवंदी उघडी, असं त्या मानतात. मला वाटतं, आपल्याही गोधडीच्या कोपऱ्यांना इरकलीच्या लाल पदराची फुलं लावू. तो पदर टोपपदर म्हणून तू जपलास. कापायचा तर तुझ्या हातानेच कापू.

आता गच्चीचं. बाबा, तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा कुंड्यांजवळ वाकताना भिंत धरलीत आणि मग उगीच मोबाइल बघत बसलात. मला दिसलं होतं. म्हणून या वेळी सगळी मांडणी बदलली. वेल्डरकडून लोखंडी घोडे करून घेतले, वर फळ्या, आणि कुंड्या तुमच्या कमरेइतक्या उंचीवर आणल्या. शेजारी हाताची खुर्ची. पाणी घालायला, तण उपटायला आता वाकायचं नाही.

फाल्गुनात इथे मोठं काम सावलीचं आणि ओलीचं. कडीपत्ता माघात छाटला होता, त्याला तांबूस कोवळी पालवी आलीय. मोगऱ्याला पाणी तोडून, पानं काढून, मग शेणखत घातलं. आता कळ्या धरतोय. जास्वंदीला पिठ्या ढेकूण आहे. मुंग्या खोडावरून चढताना दिसल्या तेव्हाच ओळखायला हवं, हे तुमचंच शिकवणं. लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि किंचित साबण घालून उन्हं उतरल्यावर फवारते. कुंड्यांत दोन-तीन इंच पालापाचोळा पसरलाय. सोसायटीतली माणसं पानगळ झाडून जाळतात. मी पोती भरून वर आणते.

घोसाळं आणि दोडका दोन्ही लावलेत, तुम्ही वेलीवर खुळखुळेपर्यंत वाळवून ठेवलेल्या फळांचं बी. घोसाळ्यावर सकाळी भुंगे येतात, त्याची काळजी नाही. दोडक्याचं फूल मात्र संध्याकाळी उमलतं आणि इतक्या वर त्या वेळी फार कुणी फिरकत नाही. मी नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवते. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढा, आत्ताच शिरा दिसणारा दोडका असतो. लागला तर दोन-तीन दिवसांत मान खाली करतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. मांडव उभ्या माणसाच्या हाताला येईल असा बांधलाय. संध्याकाळचं हे काम तुमचं. तुमचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

वेल बांधायला सुतळी वापरत नाही, खोडाला काचते. गोधडीत न चालणारी कापडं आहेत ना, फाटक्या साडीची अंगठ्याएवढी रुंद चिंधी, तिनेच सैल गाठ मारते. गावी गेलो की सुती चिंधीचं एक टोक बादलीत आणि दुसरं कुंडीच्या मातीत. पाणी आपोआप पाझरतं. टेरिकॉटची चिंधी तेवढं ओढत नाही, आई, तिथेही तुझी चिमटीची परीक्षा लागते.

तेव्हा दोघंही या. विश्रांतीला नको, कामाला या. इथलं ऊन तिथल्यापेक्षा थोडं सौम्य आहे आणि पावसाळ्याआधी गोधडी पुरी व्हायला हवी. आई, तू दिवाणखान्यात मधोमध बस, मी एकेक तुकडा तुझ्या हातात देईन, तू चोळून सांग, कुठे. मोठे रंग तुला दिसतात. बारीक टाके बघायचे काम माझं. पेटी जड आहे, एसटीत चढवू नका. दादा महिनाअखेर गाडी घेऊन येतोय, त्याच्याबरोबर पाठवा. तुम्ही मात्र पाडव्याच्या आधीच निघा. डोळ्यांचे थेंब आणि फ्रिजमध्ये ठेवायची बाटली विसरू नका, बाबांच्या गुडघ्याचा पट्टाही.

आणि बाबा, वांग्याचं रोप आत्ता टाकू की तुम्ही येईपर्यंत थांबू? पत्रानेच कळवा. तुमचं अक्षर बघून बरेच दिवस झाले.

कळावे,
तुमची धाकटी