आरामाचं माप शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमवात (सांधे सुजवणारा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) उसळला की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, "आता आराम कर." किती, कसा, कधी थांबवायचा, हे कुणी सांगत नाही. गोळीच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेले असतात, आरामावर काहीच छापलेलं नसतं. ते तुम्ही एका कागदाच्या दोन्ही बाजूंना हाताने लिहून दिलंत. ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं झेपतील अशी करायला शिकवणाऱ्याने, मनगटाला आधार देणारा स्प्लिंट बसवावा, पट्टे कसे बांधायचे ते दाखवावं आणि पुढच्या रुग्णाकडे वळावं, एवढीच खरं तर अपेक्षा असते. तुम्ही थांबून बोललात. त्याचे आभार मानायला हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय ते अशासाठी, की तुमचा कागद ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांनाही तो वाचता यावा.

तुम्ही आधी शिकवलंत ते उसळी ओळखणं. आदल्या दिवशी जास्त काम झालं म्हणून दुखलं, तर ते सहसा एकदोन दिवसांत ओसरतं. उसळीत सकाळचा ताठरपणा तासाच्या वर जातो, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाचे सांधे सुजतात, मूठ पुरती वळत नाही आणि रात्रभर झोपूनही थकवा जागचा हलत नाही. म्हणून वहीत रोज चारच नोंदी: ताठरपणा किती मिनिटं टिकला, दुखणं ० ते १० मध्ये किती, सुजलेले सांधे कोणते, झोप किती तास. "फार दुखतंय" एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं काही ठरवता येत नाही. "ताठरपणा २० मिनिटांचा होता, गेले पाच दिवस ९० मिनिटांचा आहे" असं सांगितलं की औषधाचा विचार करता येतो.

कोणत्या वेळी आराम करत बसायचं नाही, हे तुम्ही कागदाच्या अगदी वर, चौकटीत लिहिलंत. एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म झाला आणि सोबत ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ताप आला तरी तेच. डोळा लाल होऊन ठणकणं, छातीत दुखणं, धाप लागणं, मानेच्या दुखण्याबरोबर हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा येणं, हेही त्याच चौकटीत. ही चौकट आधी वाचल्यामुळे उरलेला कागद निर्धास्तपणे वाचता येतो.

औषधांबद्दल तुम्ही थोडंच बोललात, "ते तुमच्या डॉक्टरांचं काम" म्हणून. पण तीन वाक्यं ठामपणे सांगितलीत. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वेदनाशामक गोळी दुप्पट करायची नाही, कारण पोट आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात. आणि स्टेरॉइड आपल्या मनाने वाढवायचंही नाही, एकदम बंदही करायचं नाही. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथी आपलं काम मंदावतात, आणि अचानक गोळी थांबली तर त्या वेळेवर जाग्या होत नाहीत. १९४८ साली फिलिप हेंच या अमेरिकी डॉक्टरांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, तेव्हा खाटेला खिळलेली ती रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच आणि आणखी दोन संशोधकांना नोबेल मिळालं. त्या औषधाचे दुष्परिणाम मात्र नंतर हळूहळू उमगत गेले. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तुम्ही त्या उदाहरणावरून सांगितलंत.

आता आराम. इथे तुमचा कागद सगळ्यात दाट भरलेला आहे आणि आमचं ऋणही इथेच सगळ्यात मोठं आहे.

तुम्ही आरामाचे दोन भाग केलेत, सांध्याचा आणि सगळ्या शरीराचा. सांध्याला आराम म्हणजे स्प्लिंट. मनगट किंचित वर उचललेलं, २० ते ३० अंशांत, बोटं मोकळी. रात्रभर, आणि दिवसा हाताने काम करताना. पट्टा आणि कातडी यांमध्ये एक बोट सहज सरकलं पाहिजे. काढल्यावर पडलेला लाल वण अर्ध्या तासात गेला नाही, तर स्प्लिंट तिथे दाबतोय, तो बदलून घ्यायचा. दिवसातून तीनचार वेळा तो काढून मनगट हळूच वरखाली करायचं. काढायचाच नाही असं ठरवलं, की सूज उतरते तेव्हा मनगट ताठ झालेलं असतं. ही चूक फार जण करतात.

शरीराच्या आरामाचं माप तुम्ही दिलंत २० ते ३० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि तेही थकवा येण्याआधी. थकून कोसळल्यावर घेतलेल्या आरामाला दुप्पट वेळ लागतो, असं तुमचं म्हणणं. घड्याळाचा गजर पडण्यासाठी लावायचा, नुसता उठण्यासाठी नव्हे. कसं पडायचं तेही तुम्ही सांगितलंत: डोक्याखाली पातळ उशी, गुडघे सरळ. गुडघ्याखाली जाड उशी घेतली की लगेच बरं वाटतं, पण तासन्‌तास तशीच ठेवली तर गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो आणि पुढे तो सरळ करायला महिने जातात. पावलांवर पांघरुणाचा भार नको. मान आणि खांदे साथ देत असतील तर दिवसातून एकदा १५ मिनिटं पालथं पडायचं, म्हणजे खुबे ताठ होत नाहीत.

आणि पडूनच राहायचं नाही. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ सालीच बजावलं होतं की अंथरूण हेही एक धोक्याचं औषध आहे: पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हाडांतलं कॅल्शियम कमी होतं. म्हणून उसळीच्या ऐन भरातही प्रत्येक सांधा दिवसातून एकदोनदा, दुखेल तिथे थांबून, दोनतीन वेळा हलवायचा. गुडघा सरळ ठेवून मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळायचा आणि सोडायचा, असं आठदहा वेळा. सांधा न हलवता होणारा हा व्यायाम सुजलेल्या गुडघ्यालाही झेपतो. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत पहिल्या जागी आलं नाही, तर तेवढा व्यायाम जास्त झाला. दुसऱ्या दिवशी तो निम्म्यावर आणायचा. दोन तासांचा हा एक नियम पाठ असला तरी बरंच निभावतं.

शेकाचंही तसंच. गरम, सुजलेल्या सांध्याला थंड शेक, कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं. सूज नसताना नुसता ताठरपणा असेल तर कोमट. ऐन सुजेवर गरम शेक दिला तर पुष्कळदा ठणका वाढतो. हाताला मुंग्या येत असतील किंवा तिथली संवेदना कमी असेल तर दोन्ही शेक जपून, कारण भाजलेलं वेळेवर कळत नाही.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी घात होतो तो पहिल्या बऱ्या दिवशी. सूज उतरते, सकाळ हलकी वाटते, आणि आठवडाभर साचलेली सगळी कामं एका दुपारी उरकली जातात. मग पुन्हा तीन दिवस आडवं. तुम्ही सांगितलेली रीत उलटी आहे: वाईट दिवशी जेवढं झेपत होतं तेवढ्यापासूनच सुरुवात करायची. चालणं १० मिनिटं झेपत असेल तर बऱ्या दिवशीही १०च. सलग तीनचार दिवस नीट गेले की एखाद्या मिनिटाची भर. हात राखून काम करणं फार अवघड असतं, कारण त्या दिवशी शरीर "चल" म्हणत असतं.

आतल्या आरामाबद्दल तुम्ही जे शिकवलंत, ते स्प्लिंट बसवण्याइतकंच नेमकं होतं. आजार उलटला की मन एकाच प्रश्नाभोवती घिरट्या घालतं: मलाच का, माझंच काय चुकलं? या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून तो संपत नाही. तुम्ही त्याच्या जागी तीन प्रश्न दिलेत. गेल्या दोन आठवड्यांत काय बदललं होतं? आत्ता या घडीला शरीर कसं आहे? उद्यासाठी एक गोष्ट कोणती सोडता येईल? पहिल्याचं उत्तर चुकलेली गोळी, सर्दीताप, जागरण किंवा मोठा ताण असं निघू शकतं. बऱ्याचदा काहीच निघत नाही, कारण आमवात कारणाशिवायही उसळतो. तेव्हा वहीत "कारण सापडलं नाही" असं स्पष्ट लिहायचं आणि पान उलटायचं. हे एक वाक्य लिहिण्याची मुभा तुम्ही दिलीत. स्वतःला दोष देण्यात जाणाऱ्या किती रात्री त्याने वाचल्या असतील!

लिहायला वेळ ठरलेली: संध्याकाळी १५ ते २० मिनिटं, खुर्चीत बसून. अंथरुणात नाही, आणि झोपण्याच्या तोंडावर तर नाहीच. बोटं सुजलेली असतील तर जाड पेन, नाहीतर फोनमध्ये बोलून. १९९९ साली दमा आणि आमवाताच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात काही जणांनी सलग तीन दिवस, रोज २० मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात ताणाच्या अनुभवाबद्दल लिहिलं. चार महिन्यांनी त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची तब्येत सुधारलेली दिसली. तुम्ही ते सांगितलंत आणि लगेच पुस्तीही जोडलीत: लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होणं साहजिक आहे, पण दर वेळी जास्तच खचायला होत असेल तर लिहिणं थांबवा.

ज्यांना लिहायचं नाही त्यांच्यासाठी श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. मग पायाच्या बोटांपासून लक्ष वर न्यायचं. दुखऱ्या सांध्यापाशी पोचलं की दोन श्वास थांबायचं, "इथे दुखतंय" एवढीच नोंद घ्यायची आणि पुढे सरकायचं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना शिकवायला सुरुवात केली ती याच धर्तीवर. दुखणं याने नाहीसं होत नाही. दुखण्याभोवती आवळलेले खांदे, जबडा, पोट सैल होतात, आणि तेवढ्याने झोप लागायला मदत होते. सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला अशक्तपणाचं नाव न देता डॉक्टरांना सांगायचं. आमवातात नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. हे तुम्ही खालच्या आवाजात, पण डोळ्यांत बघून सांगितलंत. त्याबद्दल वेगळे आभार.

ताई, तुमच्या कागदाच्या मागच्या बाजूला तळाशी थोडी जागा उरली होती. तिथे आम्ही एक भर घातली आहे. "काही मदत हवी का?" असं कुणी विचारलं की तोंडून आपसूक "नको" निघतं, म्हणून आधीच तीन कामं लिहून ठेवायची: घट्ट झाकणं उघडणं, ओले कपडे पिळणं, भरलेलं जड भांडं उचलणं. ही तिन्ही कामं बोटांच्या आणि मनगटाच्या सुजलेल्या सांध्यांना सगळ्यात जास्त ताण देतात, असं आम्हाला वाटतं. यात काही चुकलं असेल, किंवा चौथं काम घालायला हवं असेल, तर कळवा. नव्या प्रती त्यानंतरच काढू.

तुमचे ऋणी,
तुमचा कागद जपून ठेवणारे आम्ही सगळे