जुन्या विंडोजला जुनाच मदरबोर्ड

मा. संपादक,
सादर नमस्कार.

विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे आमच्या ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या कचेऱ्यांतून धडधाकट संगणक टेम्पोत भरून भंगारात जाताना दिसतात. ज्यांना आजही विंडोज ७ वर काम करावे लागते, त्यांनी या भंगाराकडे जरा थांबून पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मी नौपाड्यात घरूनच अक्षरजुळणी करतो. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल आणि एक-दोन दिवाळी अंक यांचा वीस वर्षांचा मजकूर पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत साठला आहे. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि प्रुफे पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागतात. शिवाय फॉन्टांचे सॉफ्टवेअर पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीला) डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याखेरीज उघडत नाही. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजीच संपला, हे ठाऊक असूनही मी तिथेच आहे तो या कारणाने, हौसेने नव्हे.

गेल्या पावसाळ्यात जुन्या यंत्राचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदाराने ‘नवाच घ्या, वॉरंटी मिळेल’ म्हणून दहाव्या पिढीचा प्रोसेसर आणि बोर्ड दिला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मांडणीच्या पडद्यावर, सगळे ठीक होते. मात्र विंडोज ७ ची भाषा निवडण्याची चौकट आली आणि माउसचा बाण पडद्याच्या मधोमध थिजला. कीबोर्डवरचा नमलॉकचा दिवाही विझला. सहाव्या पिढीच्या बोर्डांपासून यूएसबीचा जुना नियंत्रक काढून टाकलेला आहे आणि विंडोज ७ च्या डिस्कवर यूएसबी ३ चा ड्रायव्हरच (तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर) नाही, हे दोन रात्री घालवल्यावर उमगले. पीएस/२ चा (जुन्या गोल पिनेचा) कीबोर्ड लावून ती पायरी ओलांडली, तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही. बोर्ड परत केला. दुकानदाराने पैसे कापून घेतले, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण चूक निवडीची होती.

ज्या ऑपरेटिंग सिस्टीमला कोणी वाली उरलेला नाही, तिच्यासाठी नवे ड्रायव्हर कोणी लिहीत नाही. म्हणून सुटे भाग तिच्याच काळातले घ्यावेत. शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौथ्या पिढीच्या प्रोसेसरसाठीच्या एच८१ चिपसेटचा वापरलेला बोर्ड आणि चौथ्या पिढीचा आय३ मिळाला. मागच्या बाजूला पॅरलल पोर्ट आहे की नाही, हे मी सर्वांत आधी पाहिले, कारण यूएसबीला लावायची पॅरलल केबल प्रिंटरला चालते, डोंगलला ती बहुधा चालत नाही. वापरलेल्या बोर्डावर एकही कपॅसिटर फुगलेला नसावा. आणि खाडीच्या दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या असतील, तर साधे खोडरबर पुरते. रॅम चार जीबी घेतली, कारण ३२-बिट विंडोज त्याहून अधिक वापरतच नाही. पण ती मेमटेस्ट या रॅम-तपासणीच्या प्रोग्रॅमवर रात्रभर तपासल्याखेरीज मी कामाला लावली नाही. एसएसडी (हार्डडिस्कऐवजी वापरायची वेगवान डिस्क) जुन्या साटा जोडणीची घ्यावी. नव्या जोडणीची एनव्हीएमई स्वस्त दिसली, तरी विंडोज ७ तिला वेगळ्या दुरुस्तीशिवाय ओळखत नाही. बायोसमध्ये साटा डिस्कसाठी एएचसीआय हा पर्याय आधी निवडून मगच विंडोज टाकावी.

जुने घेऊ नये अशी वस्तू एकच, एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणारा तर मुळीच नको. ज्याने माझा बोर्ड मारला तो असाच होता. नामांकित बनावटीचा नवा एसएमपीएस आणि यूपीएस यांवर मी बाकीच्या सगळ्या यंत्राहून अधिक खर्च केला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. कचेऱ्यांतून निघणारे ब्रँडेड संगणक घेणाऱ्यांनी मात्र एक पाहावे: त्यांतल्या अनेक बोर्डांची वीजजोडणी वेगळी असते आणि बाजारातला एसएमपीएस तिथे बसत नाही.

हे यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही आणि जोडणारही नाही. तयार पीडीएफ पेनड्राइव्हने दुसऱ्या संगणकावर जाते. छापखान्यातून परतलेला पेनड्राइव्ह आधी तिथे तपासला जातो. बँकेचे व्यवहार या यंत्रावर करणे म्हणजे दार उघडे टाकून गावाला जाणे.

तसाच दुसरा बोर्ड मी हल्लीच घेऊन कपाटात ठेवला आहे. कचेऱ्यांच्या व्यवस्थापकांना विनंती एवढीच, की चौथ्या पिढीची यंत्रे किलोच्या भावाने देण्यापूर्वी डिस्क पुसून घ्यावी आणि बोर्ड निदान जवळच्या दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावा. भंगारवाल्याकडे पोहोचेपर्यंत त्यातल्या प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या बारीक पिना वाकलेल्या असतात आणि मग तो कोणाच्याच कामाचा राहत नाही.

आपला,
एक अक्षरजुळणीकार,
नौपाडा, ठाणे (प.)