सिस्टर, तुम्ही आम्हाला कामाला लावलंत

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

निरोपाच्या दिवशी तुम्ही कुणालाच भाषण करू दिलं नाहीत. प्रार्थना झाली, समोसा आणि चहा झाला, आणि "चला, आता आपापल्या वर्गात" म्हणून तुम्ही सगळ्यांना पांगवलंत. मी चार ओळी लिहून आणल्या होत्या, त्या खिशातच राहिल्या. आता सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण इथे तुम्हाला मला थांबवता येणार नाही. तुमचं नाव घालत नाही, शाळेचंही नाही. तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे. क्वार्टर गेटपासून कॅम्पापर्यंत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

माझी हयात घोरपडीच्या डिझेल शेडात, इंजिनांच्या पोटाखाली गेली. निवृत्त झालो आणि थोड्याच दिवसांत ही गेली. मुलगा आणि सून दोघंही खराडीला कामाला, म्हणून नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. पेठांमधल्या बहुतेक म्हाताऱ्यांची नेमणूक आता याच खात्यात होते. शाळा सुटायच्या अर्धा तास आधीपासून आम्ही दहाबारा जण फाटकाबाहेर उभे असायचो. व्हॅनवाले हॉर्न वाजवायचे, रिक्षा पायांवरून जायच्या बेतात असायच्या, आणि एप्रिलमधलं ऊन तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही मुख्याध्यापिका होऊन आलात आणि पहिल्याच आठवड्यात छोटं फाटक उघडून आम्हाला आत झाडाखालच्या कट्ट्यावर बसवलंत.

इथवर कुणीही भला माणूस करेल. पुढचं मात्र मला अजून नवल वाटतं. दोनचार दिवसांनी तुम्ही वही घेऊन आलात आणि एकेकाला विचारलंत, "तुम्ही काय काम करायचात? काय येतं तुम्हाला?" सिस्टर, साठी ओलांडल्यावर माणसाला शुगर किती, झोप लागते का, गुडघे कसे आहेत, एवढंच विचारतात. काय येतं हे विचारणारं माणूस मला कितीतरी वर्षांनी भेटलं. रोजगार विनिमय केंद्रातला कारकून लिहून घेतो तसं तुम्ही सगळं लिहून घेतलंत. एक ससूनमधून निवृत्त झालेल्या नर्सबाई. एक शिंपी. पीएमटीचे एक जुने कंडक्टर, ज्यांचा पाढा अजून चुकत नाही. गोव्याकडच्या एक आजी, ज्यांना नाताळचा सगळा फराळ तोंडपाठ. एक तमिळ अम्मा, मराठी थोडंच येणाऱ्या, पण भरतकामात कुणाला ऐकणार नाहीत अशा. आणि छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासलेले ते आजोबा, ज्यांची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली होती.

कामाला लावण्याआधी तुम्ही नियम सांगितलेत. आधार कार्डाची प्रत ऑफिसात द्यायची, येता-जाता वहीत सही करायची, वर्गाचं दार उघडं ठेवायचं, एकट्या मुलाबरोबर एकट्याने बसायचं नाही, आणि कुणाच्याही खिशातून गोळ्या-चॉकलेट निघता कामा नये. आमच्यातले एक जण रुसले. "आमच्यावर संशय?" म्हणत आठवडाभर आले नाहीत. मला मात्र ते रास्त वाटलं. इंजिनाखाली जाण्याआधी लाल बावटा लावायचा असतो, तो फिटरवर संशय म्हणून नव्हे. ते गृहस्थ आपणहून परत आले. कंडक्टर आजोबांनी पाढ्यांच्या तासाला तिकिटं छापून आणली तेव्हा त्यांच्याइतकं खूष कुणी नव्हतं.

आणखी एक नियम होता, तो मी घरीही लागू केला आहे. "आमच्या वेळी" हे शब्द दिवसातून एकदाच वापरायचे. दुसऱ्यांदा म्हटलं की बरणीत रुपया. ती बरणी वर्षाच्या शेवटी रंगपेटीच्या खर्चाला पुरायची, यावरून आमची प्रगती किती ते समजा.

गुरुवारच्या वाचनाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. शाळा इंग्रजी माध्यमाची. महाराष्ट्रात सगळ्या शाळांना मराठी सक्तीचं करणारा कायदा २०२० मध्ये आला, पण कायद्याने जोडाक्षरं सुटत नाहीत. तिसरीतली पोरं 'प्रकाश' वाचताना 'परकाश' म्हणून पुढे पळायची. तुम्ही त्यांना शिकवणी लावली नाहीत. मुद्रितशोधक आजोबांसमोर बसवलंत आणि सांगितलंत, "आजोबांना दिसत नाही. त्यांना आजचा पेपर वाचून दाखवा." मुलाला आपण शिकतो आहोत असं वाटायच्या जागी, आपली कुणाला तरी गरज आहे असं वाटलं. आणि आजोबांचा कान असा की, वाचणारा अडखळला की नेमकं अक्षर सांगायचे. "तिथे रफार आहे बघ." पोरं थक्क व्हायची. डोळे मिटलेल्या माणसाला कागदावरचा रफार कसा दिसतो? त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची चूक शोधायचंच काम केलं होतं. आता ते चूक सापडली की हसायचे.

पेपर झाला की ते 'निरोप्या' काढायला सांगायचे. १९०३ पासून निघणारं हे ख्रिस्ती मासिक इतकं जुनं असेल हे मला, पुण्यात राहून, तोवर माहीत नव्हतं. मग आमच्यातल्या एका माळकरी आजोबांनी अभंगांची पोथी आणली, जाड टाइपातली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हे चालेल का? तुम्ही पोथी हातात घेतलीत, पानं चाळलीत आणि म्हणालात, "अक्षर मोठं आहे. लहान मुलांना बरं पडेल." बस. मला वाटतं, त्या दिवशी कट्ट्यावरचे सगळे हिंदू म्हातारे तुमच्या बाजूला आले ते कायमचे.

आता थोडं आजी-आजोबा दिवसाबद्दल. आपल्या शासनानेही शाळांमधून १० सप्टेंबरला तो साजरा करायला सांगितलं आहे. चांगलंच आहे. पण बहुतेक ठिकाणी काय होतं? गुलाबाचं फूल, औक्षण, म्हाताऱ्यांची संगीत खुर्ची आणि मोबाइलवर फोटो. संगीत खुर्चीत माझ्या एका मित्राचा गुडघा कायमचा गेला, तेव्हापासून मला त्या दिवसाची धास्तीच आहे. तुम्ही जुलैमध्ये आम्हाला सांगितलंत की, चर्चमध्ये २६ जुलैला संत ॲना आणि संत ज्योकिम यांचा सण असतो, ते मरियामातेचे आईवडील, म्हणजे येशूचे आजी-आजोबा. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार जगभरच्या आजी-आजोबांसाठी आणि वृद्धांसाठी ठरवला. मी आपला सहज विचारलं, बायबलात त्यांची गोष्ट कुठे आहे? तुम्ही म्हणालात, बायबलात त्यांची नावंसुद्धा नाहीत, ती परंपरेने जपली आहेत. मला ते फार आवडलं. पुस्तकात नोंद नाही, तरी सण आहे.

आणि त्या सणाला तुम्ही आम्हाला खुर्च्यांवर बसवून आमच्यासमोर नाच ठेवला नाहीत. मुलांना घरचा अभ्यास दिलात: घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत मोठ्या माणसाकडून हाताचं एक काम शिकून यायचं आणि वर्गात करून दाखवायचं. नात माझ्याकडे आली. मी तिला गळका नळ उघडून वायसर बदलायला शिकवलं. वर्गात तिने पान्हा फिरवला तेव्हा माझी छाती जरा फुगलीच. कुणी वाती वळून दाखवल्या, कुणी गोधडीचा टाका. एकाने आजोबांसारखं विड्याचं पान लावून दाखवलं, त्यावर तुम्ही जो चेहरा केलात तो आम्ही कट्ट्यावर अजून करून दाखवतो.

डिसेंबरात गोव्याच्या आजींनी शाळेच्या हॉलमध्ये मुलांना कुलकुल करायला बसवलं. नव्या, धुतलेल्या कंगव्यावर पिठाची गोळी दाबायची आणि अलगद गुंडाळायची. नेवऱ्या आणि करंजी यांत कुणाची पारी खुसखुशीत, यावर आजी आणि आमच्या गल्लीतल्या वहिनी यांचं जे जुंपलं ते नाताळ संपला तरी मिटलं नव्हतं. त्याच आजींनी मुलांना क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची गोष्ट सांगितली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ मध्ये तिथे चर्च उभं राहिलं. मी त्या रस्त्याने हजारदा सायकल हाकली असेन. त्याच नाना पेठेत तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते आणि ज्ञानोबांची पलीकडे भवानी पेठेत. आमच्या माळकरी आजोबांनी मुलांना पालखी दाखवायला न्यायचं ठरवलं तेव्हा तुम्ही सोबत पाण्याच्या बाटल्यांचे खोके पाठवलेत. सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत चालत जाणार हे ऐकून नात मला म्हणाली, "आणि तुम्ही दूध आणायला गाडी काढता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वृद्धाश्रमाच्या भेटींबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की फोटो नाहीत, गाण्यांचा कार्यक्रम नाही, केळी वाटप नाही, हे तुमचे तीन नकार मी इतर दोन संस्थांना ऐकवले आहेत. पाचच मुलं न्यायची, प्रत्येकाने एकाच माणसापाशी बसायचं, आणि पुढच्या वेळी त्याच माणसाकडे जायचं. नवा चेहरा दर महिन्याला पाहून त्या लोकांना काय मिळणार होतं?

आता ज्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं, ते. मुद्रितशोधक आजोबा नोव्हेंबरात गेले. शाळेत बातमी आली आणि कट्ट्यावर आम्ही सगळे एकच म्हणालो, मुलांना सांगू नका. गावाला गेले म्हणा. तुम्ही ऐकलं नाहीत. ज्या मुलांनी त्यांना वाचून दाखवलं होतं त्या सगळ्यांच्या पालकांना त्याच संध्याकाळी बोलावलंत. माझी सूनही आली होती, आणि ती चिडलेली होती, ते तुम्हालाही दिसलं असेल. इतक्या लहान पोरांना शवपेटीसमोर कशाला उभं करायचं? तुम्ही आवाज चढवला नाहीत. इतकंच म्हणालात की, दर गुरुवारी समोर असलेला माणूस एकदम नाहीसा झाला आणि कुणी काही बोललं नाही, तर मुलं स्वतःच काहीतरी कारण शोधतील, आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असेल. ज्यांना पटलं नाही त्यांच्या मुलांना आणू नका, त्याबद्दल एक शब्द विचारणार नाही. सून घरी येईपर्यंत गप्प होती. सकाळी तिनेच नातीला पांढरा फ्रॉक काढून दिला.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे काही कळत नव्हतं. शेजारी बसलेल्या गोव्याच्या आजी माझी बाही ओढून सांगत होत्या. मुलं पुढे होती. कुणी रडलं, कुणी इकडेतिकडे पाहत होतं, एकाने अगदी मोठ्याने विचारलं की आजोबांचा चष्मा त्यांच्याबरोबर ठेवला आहे का. फादरांनी हो म्हटलं. मग प्रार्थनांच्या वेळी तो मुलगा उभा राहिला, जो वर्षभरापूर्वी 'प्रकाश' वाचू शकत नव्हता. त्याने मराठीतली प्रार्थना कागदावरून वाचली, सावकाश, एकही जोडाक्षर न सोडता. माझी नजर सारखी शवपेटीकडे जात होती. आतून कुणी चूक काढेल असंच वाटत होतं.

पुढच्या वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, तीच मुलं दफनभूमीत त्यांची कबर धुवायला गेली. बादली आमच्या घरची होती.

सिस्टर, तुम्ही कधीच म्हणाला नाहीत की वृद्धांचा आदर करा. "आपल्या आईबापांचा मान राख" ही दहा आज्ञांतली चौथी आज्ञा तुमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेली आहे, पण तिचं प्रवचन मी एकदाही ऐकलं नाही. तुम्ही फक्त आमच्यावाचून अडेल अशी कामं काढलीत. शाल-श्रीफळ मला युनियनने, रेल्वेने आणि सोसायटीने दिलं आहे. तिन्ही शाली कपाटात आहेत. गुरुवारी सकाळी दाढी करून निघायचं कारण मात्र तुम्ही दिलंत. मनापासून आभार.

थोडी खबर देतो. नव्या सिस्टरनी वही पुढे चालू ठेवली आहे, नियमही तेच. बरणीचा दर मात्र दोन रुपये झाला. वाचनाला आता नर्सबाई बसतात. त्यांना दिसतं उत्तम, पण मुलांपुढे चष्मा विसरल्याचं सांगतात. तमिळ अम्मांनी तुमच्यासाठी टेबलक्लॉथ भरायला घेतला आहे, चार कोपऱ्यांपैकी तीन झाले. पत्ता तेवढा कळवा, म्हणजे पोस्टाने पाठवता येईल.

आपला,
तिसरीतल्या नातीचे आजोबा
नाना पेठ, पुणे