इंजिन गार असतानाच

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. हातातली मोटारसायकल विकून तिच्यापेक्षा थोडी मोठी, पण वापरलेलीच गाडी घ्यायची असे तू ठरवले आहेस आणि हे दोन्ही व्यवहार डीलरकडे एका खेपेत उरकावेत की स्वतः माणसे शोधून करावेत, असे विचारले आहेस. माझे मत आधीच सांगून टाकतो: विकायची गाडी स्वतः विकावी, आणि घ्यायची गाडी होता होईल तो तिच्या पहिल्या मालकाकडून घ्यावी, ते जमले नाही तरच डीलरकडे जावे, आणि गेल्यावर तो जास्तीचे पैसे नेमके कशाचे घेतो आहे, हे त्याला स्पष्ट विचारावे.

डीलरचा भाव चढा असतो म्हणून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तो गाडी कमी भावात उचलतो हे खरे, पण तिच्यात त्याचे पैसे अडकतात, जागेचे भाडे चालू राहते, एखादी गाडी महिनोन् महिने हलत नाही, आणि हे सगळे भाव ठरवताना त्याला धरावेच लागते. माझी तक्रार वेगळी आहे. त्या फरकात गाडीची तपासणी आणि दुरुस्तीही धरलेली आहे असे आपण समजतो, आणि पुष्कळदा तिथे फक्त पॉलिश झालेले असते.

काही वर्षांपूर्वी मी एका डीलरकडून गाडी घेतली, ती तुला आठवत असेल. टाकी आरशासारखी चकचकीत होती, सीटचे कव्हर नवे होते आणि मी भुललो. आठवड्याभरात लक्षात आले की सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड जराशी सैल केली की गाडी डावीकडे ओढते. माझ्या मेकॅनिकने हँडल एका बाजूला पूर्ण वळवले, बॅटरीचा झोत हँडलखालच्या चेसिसच्या मानेवर टाकला आणि बोट ठेवून दाखवले: हँडल जिथे अडते तो लोखंडी खुंट एका बाजूने चेपलेला होता आणि त्याच्या भोवतीच्या रंगाला केसाएवढ्या भेगा होत्या. गाडी कधीतरी समोरून जोरात आदळली होती आणि फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची जोडी, सरळ करून पुन्हा बसवला होता. डीलर म्हणाला, "आम्हीही अशीच घेतली." त्या वेळी मला राग आला, आज वाटते, तो खरेच बोलत असावा. गाडी त्याच्याकडे येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, म्हणजे तिच्याविषयी त्याला दोन आठवड्यांपुरतेच ठाऊक होते. ज्याने ती पाच वर्षे चालवली त्याला सगळे ठाऊक असते, मग तो सांगो अथवा न सांगो.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन हे मांडले. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे ग्राहकाला कळत नाही, म्हणून तो दोन्हींना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात वाईटच माल उरत जातो. 2001 साली त्याला आणखी दोघांसह नोबेल मिळाले. यावरचा जो एक उपाय तो सुचवतो तो आपल्या कामाचा आहे: हमी. रद्दी गाडीवर लेखी हमी देणे डीलरला परवडत नाही. म्हणून डीलरकडे जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर ते हमीचे मोजावेत, आणि ती कागदावर वाचून घ्यावी. ती फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती आहे की वायरिंगही तिच्यात येते, किती महिने किंवा किती किलोमीटर चालते, आणि पार्ट फुकट असला तरी मजुरी कोणाची, हे तिथेच विचार. "आम्ही आहोत ना" ही हमी नव्हे.

एक्स्चेंजचे मला मुळीच पटत नाही. तुझ्या जुन्या गाडीला तो अपेक्षेपेक्षा जास्त भाव देतो, तू खूश होतोस, आणि तेवढीच रक्कम नव्या गाडीच्या किमतीत मुरलेली असते. दोन व्यवहार एकत्र झाले की त्यातला एकही नीट दिसत नाही. आधी फक्त घ्यायच्या गाडीचा रोखीचा भाव विचार आणि तो लिहून घे. तुझ्याकडे द्यायला जुनी गाडी आहे हे त्यानंतर बोल. मात्र तुझ्या गाडीवर अजून कर्ज बाकी असेल, किंवा अनोळखी माणसांचे फोन घ्यायला तुला खरोखरच सवड नसेल, तर डीलरला दिलेले चार पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

आता मालकाकडून घ्यायची झाली तर. जायच्या आधी त्याला एवढेच सांग की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून बघ. ते कोमट लागले तर त्याने आधी सुरू करून ठेवली आहे, आणि का, ते विचार. गार इंजिन सुरू होताना जे बोलते ते तापल्यावर बोलत नाही. थंडीत सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ सोड, पण निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थ्रॉटल सोडून पुन्हा देताना तो निघाला तर व्हॉल्व्हच्या बाजूचा दोष असण्याचा संभव, वेग घेताना सतत निघत राहिला तर पिस्टन रिंगचा, आणि ते काम मोठे. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चाकाच्या दातेरी चक्राच्या, अगदी मागच्या टोकाला धरून ओढ. निम्मा दात उघडा पडला तर चेन-सेट गेला असे धर. डबल स्टँडवर लावून पुढचे चाक उचल आणि हँडल सावकाश फिरव. मधोमध खटका लागला तर हँडलच्या बेअरिंगला खड्डे पडले आहेत.

मीटरवर विश्वास ठेवू नकोस, त्याला साक्षीदार शोध. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मीटर सात हजार दाखवतो, पण मागचा टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवा आहे आणि गिअरच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, असे दिसले तर मीटरपेक्षा मी रबराचे ऐकेन. चेसिस नंबर कागदाशी एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहा. आजच्या गाड्यांवर तो सहसा सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे येत नाहीत, म्हणून त्यात ओ दिसला तर तो शून्य आहे किंवा काहीतरी गडबड आहे.

आणि गाडीइतकेच माणसाकडे पाहा. "का विकताय?" याचे उत्तर सगळ्यांनी पाठ केलेले असते. त्यापेक्षा शेवटचे काम कोणते केले ते विचार आणि गप्प बस. सध्याची गाडी मी ज्यांच्याकडून घेतली, त्यांनी सीटखालून एक तेलकट वही काढली. ऑइल कधी बदलले, ब्रेकचे पॅड कधी घातले, सगळे तारखेनिशी लिहिलेले होते. भावाचे बोलणे निघण्याआधीच ते म्हणाले की दुसरा गिअर कधीकधी सुटतो. मी घासाघीस केली, पण मनापासून नाही.

विकण्याविषयी थोडेच लिहितो. गाडी धू, पण रंग देऊ नकोस. ताजा रंग पाहून शहाणा ग्राहक आधी वाकून खाली बघतो. दोष स्वतःहून सांग, म्हणजे त्यावरून भाव पाडण्याचे हत्यार त्याच्या हाती राहत नाही. टेस्ट राइडला चावी देण्याआधी परवाना पाहा. पैसे खात्यात दिसल्याखेरीज गाडी हलू देऊ नकोस, आणि विक्रीची तारीख, वेळ, मीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या असलेला कागद दोन प्रतींत कर. कोऱ्या फॉर्मवर सही नकोच. गाडी त्याच्या नावावर होईपर्यंत ती तुझीच समजली जाते. मी विकलेल्या एका गाडीचा दंड चार महिन्यांनी माझ्या दारात आला, तेव्हा घेणाऱ्याचा फोन बंद होता आणि माझ्याजवळ चिठ्ठीचपाटीही नव्हती.

तू ज्या गाडीचे फोटो पाठवले आहेस तिच्या फोर्कच्या डाव्या दांड्यावर ऑइलची बारीक रेघ दिसते आहे. सील गेले असेल तर खर्च फारसा नाही, पण मालकाला ते ठाऊक आहे का आणि तो आपणहून सांगतो का, हे मला कळव. रविवारी जाणार असशील तर मीही येतो. त्याला आजच फोन करून सांग: आम्ही येईपर्यंत किक मारू नका.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र