वहीतला 130/80: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: प्राथमिक आरोग्य केंद्रांना गुण देण्याच्या पद्धतीबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, दुष्काळी पट्ट्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळांत 34 वर्षे काढली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. गेली सहा वर्षे रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यातूनच घेतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की चौथ्या दिवशी कुठल्या तरी सिस्टरला कारणे दाखवा नोटीस निघेल आणि विषय तिथेच मिटेल. त्या सिस्टरबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार एका आकड्याबद्दल आहे. मागच्या थंडीत गोळ्या आणायला गेलो होतो. गुरुवार, आमच्याकडे बाजाराचा दिवस. व्हरांड्यात पन्नासेक माणसे. डॉक्टरांच्या मंजूर जागा दोन, त्यांतली एक रिकामी, आणि दुसरे डॉक्टर मीटिंगला तालुक्याला गेलेले. सिस्टरने माझे कार्ड घेतले, तारीख टाकली आणि रक्तदाबाच्या रकान्यात लिहिले 130/80. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा, ज्याला ते कफ म्हणतात, तो टेबलावरच पडला होता. माझ्या दंडाला तो शिवलासुद्धा नाही.

"ताई, मोजायचा राहिला की," मी म्हटले.

ती ओशाळली. कफ उचलून दाखवला. वेल्क्रो पार गेलेले, सुतळीने बांधून काम चालवायचे. "एकेका माणसाला पाच-पाच मिनिटं जातात गुरुजी, आणि बाहेर बघा तुम्ही."

मी कार्डावरच्या मागच्या नोंदी पाहिल्या. 130/80, 130/80, मग एक 128/80, पुन्हा 130/80. तो मधला 128 बघून मला हसूच आले. हजेरीपटात सगळी पोरे रोज हजर दाखवली की साहेबांना संशय येतो, म्हणून आम्हीही अधूनमधून एखाद्याचा खाडा मांडायचो.

संध्याकाळी चौकातल्या मेडिकलमध्ये 20 रुपये देऊन मोजून घेतला. 168/98.

त्याच्या दोनच महिने आधी याच दवाखान्याची तपासणी होऊन चांगले गुण मिळाले होते.

तपासणी कशी होते ते मी समजून घेतले. एनक्वास म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता मानके. लांबलचक यादी असते आणि प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. तपासनीस स्वतः पाहतात, कर्मचाऱ्यांना विचारतात, रजिस्टर वाचतात, रुग्णांशीही बोलतात. 70 टक्क्यांच्या वर गेले की तीन वर्षांचे प्रमाणपत्र. पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तपासणीच्या पडद्याआड बाईमाणसाची अब्रू राखली जाते का, सुया कुठल्या डब्यात पडतात, हे कुणी तरी विचारायलाच हवे होते. 2015 साली सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेची कायाकल्प योजना सुरू झाली तेव्हापासून आमच्या दवाखान्यातली घाण खरोखर कमी झाली. पूर्वी प्रसूतीच्या खोलीत पाऊल टाकवत नसे. आता तिथे माझ्या नातीचा जन्म झाला.

पण तपासणीच्या आधीचा आठवडा मी पाहिला. भिंतींना रंग लागला. ग्रामपंचायतीतल्या क्रोटनच्या कुंड्या उसन्या आल्या. बेसिनवर हात धुण्याच्या पायऱ्यांचे चित्र चिकटले, नळाला मात्र दुपारनंतर पाणी नव्हते. एका मुलीने माझ्यापुढे रुग्ण समाधानाचा फॉर्म धरला. "गुरुजी, फक्त सही करा, बाकीचं मी भरते." मी केली सही. का केली? कारण तपासणीच्या आदल्या दिवशी चौथीच्या पोरांना धडा पाठ करायला लावणारा मास्तर मीच होतो. हुशार पोरे पुढच्या रांगेत, कच्ची मागे, आणि एक-दोघांना "उद्या नाही आलास तरी चालेल" असे सांगणारा.

आमचे पितळ कशाने उघडे पडले माहीत आहे? शाळा तपासणीने कधीच नाही. 2005 पासून 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल येऊ लागला. त्या अहवालासाठी फिरणारी पोरे-पोरी शाळेतल्या निकालावर विसंबली नाहीत. घरोघर गेली, ओट्यावर बसून मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा दिला आणि म्हणाली, वाच. पाचवीतल्या पोराला तो वाचता येईना. आम्हा शिक्षकांना फार झोंबले. संघटनेच्या बैठकीत मीही त्या अहवालावर तोंडसुख घेतले होते. पण खोटे नव्हते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होते.

महोदय, दवाखान्यालाही असेच कुणी तरी 'वाच' म्हणावे एवढीच माझी मागणी आहे.

रजिस्टर उघडावे आणि डोळे मिटून दहा नावे काढावीत. रक्तदाबाची चार, मधुमेहाची तीन, दोन गरोदर बायका, एक टीबीचा पेशंट. मग आशाताईला न घेता त्यांच्या घरी जावे. आशाताई सोबत असली की माणसे खरे बोलत नाहीत, तिला दुखवायचे नसते. कार्ड बघायला मागावे, गोळ्यांचे पाकीट बघायला मागावे. किती दिवसांच्या मिळाल्या? मधला महिना विकत घेतल्या का? डॉक्टरांनी अंगाला हात लावून तपासले का, की केसपेपरवर नाव लिहिता लिहिता औषध लिहून झाले? आणि सोबत नेलेल्या मशीनवर रक्तदाब मोजावा. दहा घरांना फार तर एक दिवस लागेल.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा कार्यक्रम राज्यात प्रथम आला तेव्हा सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. त्याचा गाभाच हा होता की नोंदवलेल्या रुग्णांपैकी कितीजणांचा रक्तदाब 140/90 च्या खाली आला ते दर तिमाहीला मोजायचे. किती लोकांना गोळ्या वाटल्या याला महत्त्व नव्हते. माझे कार्ड त्याच विचारातून आले आहे. कार्ड राहिले, रकाना राहिला, मोजणे तेवढे गळून पडले. आता त्या 130/80 मुळे मी कुठल्या तरी तक्त्यात 'नियंत्रणात' म्हणून बसलो असेन.

डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी आणि रक्तदाब टिपला, त्या नोंदींतून प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला आणि तो लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेला. तेव्हा त्यांच्या टेबलावर आमच्यापेक्षा जास्त साधने होती असे मला वाटत नाही. त्यांनी वहीत 130/80 टाकून दिले असते तर कोकणात किती पोरे दगावली असती?

आपल्या खात्यात अडचण दुसरीच आहे, आणि ती मुलखाची अवघड आहे. खरा आकडा लिहिला की दवाखाना नापास दिसतो. शेजारचा खोटे लिहितो, त्याचा सत्कार होतो. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत लाल रंगात नाव आलेल्या डॉक्टरला उभे करतात, हे डॉक्टरच सांगतात. मग कोण मोजेल? दहा घरांची तपासणी करायची तर आधी एक आदेश काढा: वही आणि घर जुळले तर शाबासकी, मग आकडा कितीही वाईट असो. जुळले नाही तर विचारा. आणि विचारतानाही पहिला प्रश्न असा असावा की कफ चालू होता का, दुसरे डॉक्टर कधी येणार.

निकालही दवाखान्याच्या दारावर लागू द्या, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याचे काम झाले. पुण्याची 'साथी' संस्था त्याचा समन्वय करत होती. गावाचे प्रगतिपत्रक हिरवे, पिवळे, लाल अशा रंगांत भरले जाई आणि जनसुनवाईत बाया अधिकाऱ्यांच्या तोंडावर बोलत. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही लाल रंग कळतो. आमच्या दवाखान्यात आज दारावर आहे ती प्रमाणपत्राची चौकट, त्यात गुण किती ते लिहिलेले नाही.

कुणी म्हणेल, खाजगीत तरी कोण मोजतो? बरोबर आहे. तिथे आमच्या लोकांना सलाईन लावले की उपचार झाले असे वाटते आणि डॉक्टरला ते ठाऊक असते. पण तो दवाखाना माझा नाही. हा आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या खात्याने इथले उपचार मोफत केले, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र बाजारादिवशी रोजगार बुडवून येणाऱ्या बाईला न मोजलेला रक्तदाब फुकट मिळतो असे नाही. त्या दिवसाची तिची हजेरी जाते.

कधी यायचे झाले तर न कळवता या, आणि गुरुवारी या.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक

ता. क. कफ सिस्टरला विचारून घरी नेला. गावातल्या शिंप्याने जुन्या दप्तराचे वेल्क्रो काढून त्याला शिवून दिले, पैसे घेतले नाहीत. गेल्या गुरुवारी माझ्या कार्डावर 154/92 लिहिले गेले.