ऑपरेशनच्या आधी बाईचे ऐकून घ्या

मा. संपादक,

११ जुलैचा लोकसंख्या दिन जवळ आला की गावात छोट्या कुटुंबाच्या घोषणा सुरू होतात. उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून आयुष्य गेलेल्या मला वाटते, की मुले किती हे विचारण्याआधी बाईला दुखते काय ते विचारावे. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटातली कळ, संबंधाच्या वेळचा त्रास हे ती आपणहून कधीच बोलत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के!

गर्भनिरोधक साधनांचेही तेच. ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. त्याने पाळी मागेपुढे होते, पुष्कळ जणींची थांबतेही. त्यात धोका नसतो आणि इंजेक्शन बंद केल्यावर काही महिन्यांत पाळी पूर्ववत होते. एवढे आधी सांगितले नाही, तर ‘रक्त आत साठतंय’ असे सासूबाई म्हणतात आणि सून पुढच्या डोसला फिरकत नाही. मग पुन्हा दिवस राहतात. ‘छाया’ ही बिनहार्मोनची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची, हेही फार थोड्या जणींना समजावून सांगितले जाते. तांबीबद्दल तर गैरसमजच जास्त.

शेवटी उरते ऑपरेशन, तेही बाईचेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झाली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के. बिनटाक्याची पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, तरी ‘ताकद जाईल, शेतातलं काम होणार नाही’ ही भीती काढायला पुरुषांशी बोलतो कोण? नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो, हे तरी किती जणांना ठाऊक असते?

महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिन भरतो. लसीकरण, वजने, मुलांची रडारड. त्या गर्दीत कुठली बाई तोंड उघडणार? त्याच दिवशी दार लावून अर्धा तास फक्त बायकांसाठी ठेवावा. सासवांची बैठक वेगळी घ्यावी. आणि पुरुष आरोग्यसेवकाने संध्याकाळी पारावर जाऊन नवऱ्यांशी बोलावे, हे जिल्हा परिषदेने त्याच्या कामातच धरावे.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. गडचिरोली