क्लब चालूए, दुर्बिणीचा पट्टा तेवढा तुटला

दोस्ता,

तुझे तीन व्हॉइस नोट पडून होते, तिन्हीत एकच प्रश्न, आपला विद्यापीठातला क्लब जिवंत आहे का रे की बंद पाडला? बोलून उत्तर द्यायला बसलो तर दर वेळी मधेच कुणीतरी खोलीत टपकायचं, म्हणून म्हटलं आज निवांत लिहूनच काढू. लांब होईल, हिंजवडीच्या बसमधे वाच.

जिवंत आहे. पण तू जसा सोडून गेलास तसा नाही राहिला.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे तुला बरं वाटेल. तू गेल्यावर कार्यक्रमांचं सगळं माझ्या गळ्यात पडलं हे तुला माहितीये. मी लई जोशात होतो. ऑगस्टमधे नव्या पोरांसाठी स्वागताचा कार्यक्रम ठेवला, माईक, बॅनर, प्रत्येकानं उठून नाव गाव सांगायचं, छंद सांगायचा. साठेक जण आले. छंद काय तर वाचन, संगीत ऐकणे, प्रवास. पंचवीसाव्या माणसापर्यंत माझे मलाच कान मिटावेसे वाटले. शेवटी वडापाव वाटले, पोरं वडापाव घेऊन आपापल्या गाववाल्यांत जाऊन उभी राहिली, बीडची बीडवाल्यांत, जालन्याची जालनावाल्यांत, आणि अर्ध्या तासात मैदान साफ. त्यातली दहा तोंडं पुन्हा दिसली असतील तर शपथ.

मग डिसेंबरात हुरडा झाला. हा माझा प्लॅन नव्हताच. फुलंब्रीकडचा एक पोरगा आहे, केमिस्ट्रीचा, कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला आमच्या शेतात या सगळे, बाबानं हुरड्यापुरती ज्वारी वेगळी राखलीये. गेलो बावीस जण, काही बाईकवर, बाकीचे एका काळीपिवळी जीपमधे कोंबून. आणि तिथं काय झालं सांगू, जी पोरं ऑगस्टमधे एकमेकांकडं बघायला तयार नव्हती ती दहा मिनिटात एकमेकांवर वरडायला लागली. कारण त्याच्या बाबानं आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी देऊन टाकलं. तू गोवऱ्या आण, तू कणसं मोड, तू आगटीवर बस, तुम्ही दोघी चटणी वाटा. आगटी म्हणजे पेटत्या गोवऱ्यांचा खड्डा, त्यात कणीस खुपसायचं, दाणा हिरवा का होईना पण कोंड्याला जरा काळं लागलं की काढायचं, गरम गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. शहरातल्या पोरांचे तळहात लालभडक झाले. परळीच्या एका पोरीनं सगळ्यांना शिकवलं, अंगठ्याच्या मुळाशी धरून चोळ रे, बोटानं नको. सेलूच्या पोरीला दाणे फोडताच येईनात तर तिच्या वाट्याला फुंकर मारायचं काम आलं, आणि कोंडा सगळा माझ्या डोळ्यात. लसणाची चटणी, दही, गोडी शेव, गूळ, बोरं. दुपारी तीनपर्यंत कुणी मोबाईल काढला नाही, काढणार कसा, हात काळे होते ना.

येताना काळीपिवळीत बसून माझ्या डोक्यात हेच फिरत होतं. हात रिकामा असला की माणूस मोबाईल काढतो, आणि मोबाईल काढला की तो तिथं असूनही नसतो. मी सहा महिने बसायच्या खुर्च्या मोजत बसलो, हाताला काय देणार याचा विचारच केला नाही. तू मात्र पक्षी मोजायला न्यायचास तेव्हा एकाला वही, एकाला घड्याळ, एकाला दुर्बीण, आणि एकाला फक्त लिंबाच्या झाडावर लक्ष ठेव असं वाटून द्यायचास. तेव्हा मी तुला म्हणायचो काय शाळा लावली राव. आता मानतो. एवढंच मानतो, जास्त फुगू नकोस.

तर सध्या काय काय चालू आहे. बुद्धिबळवाले आहेत ते तसेच, त्यांना जगाची पडलेली नसते. सायकलवाले दोन रविवार गेले नि थंडीत गारठले. तारे बघणारा एक छोटा ग्रुप झालाय. डिसेंबरच्या 13 तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो त्या रात्री आम्ही गोगाबाबा टेकडीच्या बाजूला चादरी टाकून पडलो होतो. याला टेलिस्कोप लागत नाही, उलट डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्यायची आणि सरळ आभाळाकडं बघत पडायचं. शहराच्या उजेडानं बारक्या उल्का गेल्या, तरी ठळक दिसल्याच. परळीवालीनं मृगाचे तीन तारे आणि खाली व्याध दाखवला, तिची आजी यावरनं रात्रीची वेळ सांगायची म्हणे. इथं पण आम्ही कामं वाटली बरं का, प्रत्येकाला आभाळाचा एक तुकडा, दिसली की ओरडायचं, एक जण वहीत रेघा मारायचा. तासाभरात एकतीस रेघा. त्यातल्या चार विमानाच्या असतील असं माझं मत आहे पण रेघ मारणाऱ्याला ते पटत नाही.

पण खरी मजा मोडीची आहे, ते सविस्तर सांगतो.

तुला आठवतं ना, तू असताना मोडी लिपीचा वर्ग म्हणजे तीन माणसं आणि एक फळा. 2023 मधे कुणबी नोंदी शोधायचं सुरू झालं, निजामाच्या काळातले कागद धुंडाळायला लागले, तेव्हापासून गावोगाव लोकांनी पेट्या उघडल्या. नोंद सापडो न सापडो, आजोबाचा कागद आपल्याला वाचता येत नाही हे घरोघर कळलं. आता आमच्याकडं गुरुवारी सतरा अठरा जण बसतात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायचं, हात शक्यतो उचलायचाच नाही. ऱ्हस्व दीर्घाचा विषयच नाही, त्यामुळे शुद्धलेखनात मार खाल्लेली सगळी पोरं खूश. पहिल्या महिन्यात सगळं पान म्हणजे मुंग्यांची रांग वाटते. मग एखाद दिवशी त्या रांगेतून 'मौजे' हा शब्द उठून दिसतो, आणि पुढं गावाचं नाव वाचता आलं की माणूस खुर्चीतनं उठतो. खरंच उठतो, मी बघितलंय.

मागं एका गुरुवारी काय झालं ऐक. गंगापूरकडचे एक आजोबा नातवाबरोबर आले, धोतर, टोपी, आणि हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डब्यात रुमाल, रुमालात कागद. घड्यांवर कागद फाटायला आलेला, म्हणून आम्ही तो काचेखाली ठेवला आणि फोटो काढून सगळ्यांना एकेक ओळ वाटून दिली. ज्याची ओळ त्यानं लावायची. आमच्या हिस्ट्रीच्या हुशार पोराला वरची ओळ आली, त्यानं आकडा वाचला, सन 1347. आता 1347 म्हणजे दौलताबादला बहमनी राज्य उभं राहिलं ते साल, हा गडी एकदम उडाला, सर हा कागद पावणेसातशे वर्षांचा आहे, पुराभिलेखवाल्यांना फोन लावा. मला पण क्षणभर घाम फुटला. आजोबा शांत. म्हणाले, "न्हाई रं बाळा, ह्यो माझ्या बापाच्या लग्नाच्या टायमाचा हाय." फसली सन होतं ते! निजामाच्या राज्यात कागदावर फसली साल टाकायचे, त्यात 590 मिळवले की इंग्रजी साल येतं, म्हणजे 1937-38. हिस्ट्रीवाला दोन गुरुवार आला नाही लाजेनं, आता परत यायला लागलाय. आणि कागदात काय निघालं म्हणशील तर नोंद बिंद काही नाही, दोन बैलांच्या उसनवारीचा व्यवहार, एका बैलाचं एक शिंग मोडकं आहे एवढं सुद्धा लिहिलेलं. आजोबांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. मोडक्या शिंगाचा बैल त्यांनी लहानपणी ऐकला होता, वडील सांगायचे म्हणे. मग डबा बंद केला आणि जाताना सगळ्यांना हरभऱ्याचे डहाळे देऊन गेले, आमच्या टेबलावर अजून टरफलं पडलीत.

आता दुसरी फजिती, ही मात्र माझीच शंभर टक्के. जानेवारीत सिनेमाची संध्याकाळ ठेवली, संक्रांतीची सुट्टी बघून तारीख टाकली 14. भाऊ, 14 जानेवारी! इथं पाच वर्षं काढून माझ्या डोक्यात आलं नाही की हा नामविस्तार दिन आहे, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तो दिवस. ग्रुपवर बेचाळीस जणांनी अंगठे दाखवले आणि संध्याकाळी हॉलमधे आम्ही पाच जण, त्यातला एक प्रोजेक्टरवाला. विद्यापीठाच्या गेटकडून गाण्यांचा आवाज येत होता. सेलूवाली माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला कळतंय का काही? अर्धा क्लब गेटवर आहे. चल."

गेलो. तू दर वर्षी त्या दिवशी गावाकडं जायचास म्हणून तू बघितलं नसशील. नांदेड, हिंगोली, परभणी, पार विदर्भातनं माणसं आलेली असतात, गेटपुढं नतमस्तक होतात, म्हाताऱ्या बायका पायरीला हात लावून तो हात कपाळाला लावतात. 1978 ला नामांतराचा ठराव झाला आणि नाव लागायला 1994 उजाडलं, मधे सोळा वर्षं, किती घरं जळाली, किती माणसं गेली, हे आपण पुस्तकात वाचलेलं. तिथं एक बाई मला सांगत होत्या की त्या तेव्हा लाँग मार्चमधे चालत होत्या, आणि सांगता सांगता माझ्याकडून पाण्याचे ग्लास घेऊन मागच्यांना देत होत्या. आमची पोरं तिथं पाणी वाटत होती ना. कुणी सांगितलं नव्हतं, कुठला ग्रुप नव्हता, आपोआप गेली होती. चौघं पुस्तकांच्या स्टॉलवर खोकी उचलायला. केमिस्ट्रीवाला न बोलणारा पोरगा जोरजोरात "इकडून या, इकडून या" करत होता, मी त्याचा आवाज पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. रात्री अकराला हात पाय गळाले होते, पण जेवढी ओळख त्या रात्री झाली तेवढी माझ्या आखलेल्या सगळ्या कार्यक्रमांत मिळून नाही. सिनेमाची पेनड्राइव्ह अजून खिशात आहे, दाखवायचं राहूनच गेलं.

त्याच्या पुढच्या रविवारी विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांवर गेलो. तू आम्हाला नेहमी सात नंबरकडं पळवायचास, तो अवलोकितेश्वर आणि त्याच्या दोन्ही बाजूला आग, साप, हत्ती, बुडणारी नाव अशी आठ संकटं. ते आहेच भारी. पण ह्या वेळी मी तीन नंबरमधे बराच वेळ बसलो. गाभाऱ्यात बुद्धासमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेली माणसं आहेत ना, खऱ्या माणसाएवढी, बाया आणि बाप्ये. प्रत्येकाची केसांची रचना वेगळी, दागिने वेगळे. हात जोडलेले, कुणाकडं हार. साधारण दीड हजार वर्षं ती मंडळी तिथं बसलीयेत आणि एकाचाही हात रिकामा नाही. मी हे बोलून दाखवलं तर परळीवाली म्हणाली तू आता प्रत्येक गोष्टीत हेच बघणार का. बरोबर आहे तिचं. थोडं वेड लागलंय मला.

अडचणी पण आहेत, सगळं गोडगोड नाही. खोली करून राहणाऱ्या पोरींना साडेआठच्या आत परत जावं लागतं, घरमालकीण काकू दाराला कडी घालतात. म्हणून ताऱ्यांच्या रात्री त्यातल्या फक्त दोघी येऊ शकल्या, त्या पण मोठ्या बहिणीच्या घरी झोपायला जातो सांगून. मोडीचा वर्ग सहाचा होता, तो आता पाचला केला. एक तास अलीकडं आणला तर सहा पोरी वाढल्या. आवड नाही म्हणून येत नाहीत असं मी समजत होतो. आणि वर्गणी. पन्नास रुपये ठेवली होती, त्यावरून दोघं गप्पच बसले, नंतर कळलं मेसचे पैसे थकलेले. आता डबा ठेवलाय, ज्याला जे टाकायचं ते टाका, कुणी बघत नाही. मागच्या महिन्यात डब्यात 1,140 रुपये आणि एक बसचं तिकीट निघालं.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीच्या मध्याला तो चार दिवसांचा जगभरचा पक्षी मोजायचा कार्यक्रम असतो, शुक्रवार ते सोमवार, तूच आम्हाला त्याचं वेड लावलंस. निदान पंधरा मिनिटं मोजायचं, जे दिसेल ते सगळं आकड्यासकट लिहायचं आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकायचं. ह्या वर्षी आम्ही परिसराचे नऊ तुकडे पाडलेत, प्रत्येक तुकड्याला तीन माणसं लागतात. वेडे राघू, सातभाई, बुलबुल, टिटव्या हे नव्या पोरांनाही ओळखता येतात. पण घार, कापशी असल्या शिकारी पक्ष्यांत आमची बोंब आहे, गेल्या आठवड्यात दोन जणांत कापशी की शिक्रा यावरनं हाणामारी व्हायची राहिली. रविवारी पहाटे दोन गाड्या करून जायकवाडीला पण जायचं आहे, पट्टकादंब हंस आलेत असं पैठणचा एक पोरगा सांगतोय, रोहित म्हणजे फ्लेमिंगो दिसले तर नशीब. त्याला आम्ही धरणाच्या 27 दरवाज्यांपैकी कुठल्या बाजूनं पाणथळ जवळ पडते ते बघून ठेवायला सांगितलंय.

तुला यावंच लागेल. नवव्या तुकड्याला माणूस नाही, लायब्ररीमागचा, तुझाच जुना. आणि तुझी दुर्बीण माझ्याकडं आहे पण तिचा पट्टा तुटला, मी सुतळी बांधून काम चालवलंय, उजव्या काचेत बुरशी पण धरलीये, पावसाळ्यात मी ती कपाटात तशीच ठेवली, चूक माझी. पुण्यात लक्ष्मी रोडला नाहीतर कुठं साफ करणारा बघून ठेव, आणि एक पट्टा घेऊन ये, रुंद बघ, मानेला रुततो नाहीतर. शुक्रवारी रात्रीची गाडी धर, बाबा पेट्रोलपंपाला उतर, मी घ्यायला येतो. गाडीत पेट्रोल तू टाकायचंस.

आईला नमस्कार सांग. तिनं मागं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी रिकामी झालीये, हे पण सांग.

तुझाच,
कोंडा डोळ्यात गेलेला